वहीवर लिहा, काका!

पगारानंतरचा पहिला रविवार म्हणजे डी-मार्ट. यादी तयार, ट्रॉली हातात आणि बिलिंगच्या रांगेत अर्धं ऑफिस भेटतं. तेलाचा पाच लिटरचा कॅन छापील किमतीपेक्षा बराच स्वस्त, साबणाच्या चार वड्यांवर एक फुकट... कोण सोडेल?

मला आकडेमोडीची खोड. त्यामुळे ही स्वस्ताई येते कुठून, हा किडा डोक्यात वळवळायचाच. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये मुंबईत पहिलं डी-मार्ट काढलं, आज देशभरात चारशेहून जास्त आहेत. गुपित तसं साधं आहे. दुकानाची जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे भाड्याचा भुर्दंड नाही. आणि माल देणाऱ्याचे पैसे झटपट चुकते. पैसे लवकर हातात पडणार म्हटल्यावर तोही भाव उतरवतो आणि ती सूट आपल्या ट्रॉलीत येऊन पडते.

बिग बझारची गोष्ट बरोब्बर उलटी. किशोर बियाणींनी ते २००१ मध्ये सुरू केलं. २६ जानेवारी २००६ च्या 'सबसे सस्ता दिन'ला दुकानांबाहेर काय झुंबड उडाली होती! पण विस्तार कर्जावर चालला होता. २०२० मध्ये कोविड आला, धंदा बसला, भाडी थकली. रिलायन्सशी २४,७१३ कोटींचा सौदा ठरला, तो अ‍ॅमेझॉनने कोर्टकचेऱ्यांत अडकवला. मधल्या काळात बऱ्याच जागांचे भाडेकरार रिलायन्सच्या नावावर गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये सौदाही बारगळला.

थोडक्यात काय, समूह कितीही बडा असो, खेळ सगळा उधारीचा.

माझ्या काकांना हे कुठलंही बिझनेस मॅगझिन न वाचता ठाऊक आहे. मालवणजवळ, किनाऱ्याला लागून असलेल्या वाडीत त्यांचं किराणा दुकान आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद. खलाशांच्या घरात रोख पैसा येत नाही, पण चहापावडर, कांदे, तेल तर लागतंच. मग पोरं पावसात भिजत येतात, पिशवी पुढे करतात आणि म्हणतात, "वहीर लिवन ठेवा, काकानू." नारळी पौर्णिमेनंतर मासळी यायला लागली की वहीतली नावं एकेक करून खोडली जातात. ना व्याज, ना सिबिल स्कोअर!

ही उधारी काकांना परवडायची कशी? रोखीच्या गिऱ्हाइकांमुळे. शाळेतले मास्तर, बँकेतले साहेब आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गणपतीला गावी येणारे आम्ही चाकरमानी. त्या दिवसांतल्या गल्ल्यावर काका होलसेलवाल्याचं देणं मिटवायचे. हल्ली चाकरमानी रवा, साखर, तेल, अगदी अगरबत्तीसुद्धा मुंबईतूनच भरून कोकण रेल्वेत चढतो. काकांकडून काय घेतो? विसरलेली काडेपेटी!

एकदा मी काकांना डी-मार्टचे भाव ऐकवले. त्यांनी एकच विचारलं, "थंय उधारी गावता काय रे?"

नाय गावत. आणि खरी मेख तिथेच आहे. सुपरमार्केट काकांचं नेमकं रोखीचं गिऱ्हाईक उचलतं, उधारीचं त्यांच्याकडेच राहतं. वही जाड होत जाते आणि गल्ला हलका. उद्या काकांनी दुकानाच्या फळ्या कायमच्या लावल्या, तर माझं काही अडणार नाही. अडेल ते जूनमध्ये पिशवी घेऊन येणाऱ्या पोराचं.

मग काय, डी-मार्ट सोडायचं? छे! मुंबईतलं महिन्याचं बजेट त्यावरच तर उभं आहे. गणपतीचं सामान मात्र मी आता गावात उतरल्यावर काकांकडूनच घेतो. हिशोब मांडून पाहिला, तर फरक निघाला मल्टिप्लेक्सच्या दोन पॉपकॉर्नएवढा. एवढ्यात वाडीची एक वही चालू राहत असेल, तर हे डील वाईट नाही.

तुमच्याही गावात असे एखादे काका असतीलच. यंदा जाल तेव्हा बॅगा जरा हलक्या ठेवा. पैसे मात्र रोख द्या बरं का. त्या वहीतली पानं दुसऱ्या कुणासाठी तरी राखलेली आहेत.