पीस सह्याद्रीचं, नदी स्कॉटलंडची!

अहो, टोकाला वजनच नसतं! सगळ्यात आधी हे ऐका. गळ टाकायचा म्हणजे दोरीला शिसं बांधायचं, आमिष लावायचं आणि भिरकावायचं, शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्या मागे, एवढंच मला आजवर माहीत होतं. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं! टोकाला असते दोऱ्याची आणि पिसांची एक चिमुकली माशी, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. मग ती नदीच्या पार मध्यावर पोचते कशी? दोरीच जड असते! दोरी फेकायची आणि माशी तिच्यामागून निमूट जाते! पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन भरतं साधारण नऊ ग्रॅम. नऊ ग्रॅम! आणि त्या नऊ ग्रॅमच्या जोरावर काठी वाकते, सुटते आणि दोरी हवेत उलगडत जाते, आणि मग ती पाण्यावर अशी अलगद टेकते की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्याच वाजवल्या!

मी यातली जाणकार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. मी राहते नाशिकच्या इंदिरानगरात. ज्याच्यासाठी ही माशी टाकतात तो ट्राउट मासा मी जिवंत पाहिलेला नाही. आपल्या गोदावरीत तो नाही आणि कधी असणारही नाही, त्याला बारा महिने थंडगार, वाहतं पाणी लागतं, वीस अंशांच्या वर पारा गेला की तो कासावीस होतो. पण माझा मावसभाऊ स्कॉटलंडच्या ॲबरडीनहून सुट्टीवर आला, त्याच्या सामानात एक नऊ फुटी कार्बनची काठी चार तुकड्यांत होती, आणि एक डबी होती. मी डबी उघडली आणि संपलंच!

डबीत माश्या! एकेक गळ नखाएवढा, आणि त्यावर शेपूट, धड, पंख, मान, सगळं दोऱ्यानं बांधलेलं. एका माशीच्या अंगावरची हिरवी-तांबूस चमक ओळखीची वाटली. मोरपीस! आपलं मोरपीस! डोळा असतो ना, त्याच्या बाजूचे जे सुटे धागे, त्यातले दोन-तीन घेऊन गळावर गुंडाळतात आणि किड्याचं लठ्ठ, केसाळ अंग तयार होतं. ‘रॉयल कोचमन’ नावाची प्रसिद्ध अमेरिकन माशी आहे, तिच्या पोटावर हेच! मी देवघराकडे पाहिलं, तिथे कृष्णाच्या मूर्तीमागे अख्खं मोरपीस उभं!

आणि मग खरी गंमत. एका माशीच्या दोन्ही गालांवर एकेक छोटं पीस होतं, काळसर, आणि त्यावर पिवळट-पांढरा चकचकीत ठिपका, जणू कुणी वितळलेल्या मेणाचा थेंब सोडलाय. नखानं टोकरून पाहिलं. रंग नव्हे! पिसाची दांडीच तिथे चपटी आणि टणक झालेली असते. भाऊ म्हणाला, “हे तुमच्याच डोंगरातलं. राखी रानकोंबडा.”

मी उडालेच! राखी रानकोंबडा म्हणजे आपला सह्याद्रीतला! पहाटे जंगलात ज्याची तुटक, खरखरीत बांग ऐकू येते, तो! एकोणिसाव्या शतकात त्याच्या मानेची पिसं बोटींतून विलायतेला जायची आणि तिकडे सॅमन मासा धरायच्या माश्यांवर चढायची. ‘जॉक स्कॉट’ ही त्या काळची सगळ्यात दिमाखदार माशी, तिच्या गालावर हे पीस हवंच! आता आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा पक्षी सुरक्षित आहे आणि तसाच राहायला हवा. जंगलात त्याचं पीस पडलेलं दिसलं तरी उचलायचं नाही, मी सांगून ठेवते! विलायतेतले लोक आता पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

पिसांचं वेड किती असावं? 2009 च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर कोण? लंडनमध्ये बासरी शिकणारा तरुण, आणि माश्या बांधण्यात पटाईत! आल्फ्रेड रसेल वॉलेसनं मलाय द्वीपसमूहातून गोळा केलेले पक्षीही त्यात होते. शास्त्राचं न भरून येणारं नुकसान. वाचताना माझा जीव कळवळला.

पण आपल्याला असलं दुर्मीळ काही लागतच नाही! इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात एलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले कोळी गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याची दोन पिसं लावायचे. लोकर आणि कोंबडा! मी पिशवी घेतली आणि वडाळ्याच्या बाजूला चिकनच्या दुकानात गेले. “भाऊ, गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं मिळतील?” भाऊ सुरी धरून बघतच राहिला. “चिकन नको ताई? नुसती पिसं?” नुसती पिसं! त्यानं पैसेही घेतले नाहीत.

आता माझ्याबरोबर बसा. गळ घट्ट धरायला छोटा व्हाइस लागतो, तो शेजारच्या काकांनी जुन्या ड्रिलच्या चकमधून करून दिला. अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं गेलेला माणूस, त्यांना नुसतं चित्र दाखवलं आणि संध्याकाळी वस्तू हातात! दोरा गळाच्या दांडीवर गुंडाळत मागे न्यायचा. रीळ हातातून सोडलं तरी चालतं, कारण ते ज्या तारेच्या दांडीत बसवलेलं असतं तिच्या वजनानं दोरा ताणलेलाच राहतो, काय डोकं लावलंय! मग मोरपिसाचे धागे गुंडाळायचे. मग मानेचं पीस बुडाशी बांधायचं, टोक चिमट्यात धरायचं आणि गळाभोवती फिरवायचं, आणि मग, बघा बघा, फिरवता फिरवता पिसाचा एकेक केस फुलून उभा राहतो आणि किड्याचे पाय तयार होतात! कोंबड्याचे केस ताठ, म्हणून माशी त्या केसांच्या टोकांवर पाण्यावर उभी राहते. कोंबडीची पिसं मऊ, ती भिजतात, म्हणून माशी बुडते. कोंबडा तरंगतो, कोंबडी बुडते! हे माझं घरात प्रत्येकाला सांगून झालंय.

आणि दोरी फेकायची ती खास तऱ्हा, स्पे कास्टिंग! स्पे ही स्कॉटलंडमधली नदी. दोरी फेकायची तर आधी ती पाठीमागे तेवढीच लांब जावी लागते, पण स्पेच्या काठावर मागे झाडं, मागे चढ. मग तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात काय केलं? दोरी मागे न्यायचीच नाही! काठी पाण्यावरून सावकाश वळवून आणायची, दोरीचं टोक आपल्या बाजूला पाण्यावर टेकवायचं, उरलेली दोरी पाठीमागे इंग्रजी डी अक्षरासारखी फुगू द्यायची आणि मग पुढे झटका. पाणी ते टोक धरून ठेवतं! त्या धरण्यातूनच काठीत ताण भरतो! पाण्याचा असा उपयोग कुणाला सुचला असेल? वारा प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला वाहत असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर डबल स्पे, म्हणजे गळ वाऱ्यानं आपल्याच कानात येऊन बसत नाही. अस्सल स्पेच्या काठ्या दोन हातांनी धरायच्या, बारा ते पंधरा फुटी. पण आमच्या नऊ फुटी काठीनंही जमतं! आमच्या जॉगिंग ट्रॅकजवळच्या गवतावर ते नीट होत नाही, कारण गवत दोरी धरत नाही. म्हणून आम्ही गंगापूर धरणाच्या फुगवट्याला गेलो, टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा. गोंडा बाजूला टेकला, दोरी मागे फुगली, मी हात पुढे केला आणि मग ती दोरी पाण्यावरून एकेक वेटोळं सोडत अशी काही गेली! अशी काही गेली! काठावर बसलेल्या गुराख्यानं म्हैस सोडून आमच्याकडे तोंड केलं आणि तो म्हणाला, “परत करा.”

आता मला कळलंय की आपली आणि विलायतेची ही सगळी देवघेव जुनीच आहे. काठीचंच घ्या! बांबू चिरून, सहा पट्ट्या चिकटवून काठ्या बनायच्या तेव्हा त्यासाठी आधी कलकत्त्याहून बांबू जायचा. पीस आपलं, बांबू आपला! आणि बदल्यात मासा इकडे आला. 1899 मध्ये काश्मीरसाठी निघालेली ट्राउटची अंडी वाटेतच मेली, पण 1900 मध्ये पुन्हा पाठवली, स्कॉटलंडहून, बर्फ घालून, बोटीतून, आणि ती जगली! आज काश्मीरमधल्या लिद्दरच्या पाण्यात ट्राउट आहे, हिमाचलच्या तीर्थनमध्ये आहे, खाली मुन्नारला आणि निलगिरीतही.

महाराष्ट्रात नाही म्हणून हिरमुसू नका, आपल्याकडे महाशीर आहे! निळसर परांचा तो मासा शास्त्राच्या वहीत चढला 1839 मध्ये, कर्नल साइक्सनं पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला. नद्यांवर धरणं झाली, तो आटत गेला, मग टाटा पॉवरनं लोणावळ्याला वळवण तलावाकाठी 1970 च्या दशकात त्याची पिल्लं वाढवायला सुरुवात केली, आणि 2020 मध्ये त्याचं नाव धोक्यातल्या माशांच्या जागतिक यादीतून बाहेर आलं. महाडजवळ वाळण कोंडीत तर तो देवीचा मासा, त्याला कुणी हात लावत नाही, लोक चुरमुरे टाकतात आणि काळसर पाठी पाण्यावर येतात. तिथे काठी न्यायचीसुद्धा नाही, नुसतं बघायचं! महाशीरही माशीवर झेपावतो, हिमालयातल्या नद्यांवर त्यासाठी लोक दुरून येतात, आणि धरला की सोडतात. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून टाकायचा, मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, ओल्या हातानं धरायचा आणि डोकं प्रवाहाकडे करून जाऊ द्यायचा.

तर मार्चमध्ये तीर्थन! हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची बंदी असते, अंडी घालायचा काळ, मार्चमध्ये परवाना मिळतो. तुम्ही येताय ना? गावरान कोंबड्याची पिसं मी भरपूर जमवली आहेत, धुऊन, वाळवून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहेत. तुम्ही फक्त तपकिरी रेशमी दोऱ्याचं एक रीळ आणा, बारीकातलं बारीक!