बांधावरची बाराखडी



घरातला मुलगा परदेशी निघाला की आई खाऊचे डबे भरते, वडील पैशाची जुळवाजुळव करतात आणि शेजारीपाजारी एकच विचारतात, "तिथली भाषा येते का त्याला?" प्रश्न रास्त आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नागपूरकडच्या खेड्यांतले पालक माझ्यासारख्यालाही विचारतात, "साहेब, आमच्या पोराला जर्मन जमेल का हो?" मी शेतीखात्याचा माणूस. मला जर्मन येत नाही. पण परक्या मुलखात माणूस भाषा कशी शिकतो, हे मी फार जवळून पाहिले आहे, आणि तेही विदर्भाबाहेर न जाता.

तुम्ही म्हणाल, हे कसे? तर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ साली दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसे आली. त्यांपैकी काही कुटुंबांसाठी १९७२ साली ही वसाहत वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. ही माणसे थंड पठारावरची, जव पिकवणारी, भाजलेल्या जवाच्या पिठावर म्हणजे त्साम्पावर वाढलेली. आणि येऊन पडली कुठे? जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो अशा आपल्या झाडीपट्टीत, धानाच्या बांध्यांत! आपल्याला जर्मनी जितकी परकी, तितकेच त्यांना आपले गाव परके.

विस्तार अधिकारी म्हणून त्या भागात माझे जाणेयेणे होते. तिथल्या एका वयस्क शेतकऱ्याला मी आजोबा म्हणत असे. ते तरुणपणी आले, तेव्हा मराठीचा एक शब्द त्यांना ठाऊक नव्हता. शाळा नाही, पुस्तक नाही. त्यांची मराठीची बाराखडी बांधावर झाली. पहिला शब्द 'पानी'. दुसरा 'बांधी'. मग परे, चिखलणी, रोवणी, निंदण, तणस. रोवणीला शेजारच्या गावातून बाया येत. त्या एकेक शब्द मोठ्याने म्हणत आणि वसाहतीतल्या बायका चिखलात उभ्या राहून तो मागून म्हणत. हात आणि जीभ एकाच वेळी कामाला लागली की शब्द पक्का बसतो, हे मी तिथे पाहिले.

आता भाषेची गंमत ऐका. आजोबा मला सांगत, "साहेब, तुमची भाषा सोपी, तुमची अक्षरं अवघड." खरेच आहे. तिबेटी वाक्यातही क्रियापद आपल्यासारखे शेवटी येते. वडीलधाऱ्यांशी बोलताना आदराचे शब्द वेगळे, तेही आपल्यासारखेच. पण त्यांच्या मुळाक्षरांत घ, झ, ध, भ नाहीत. त्यामुळे 'धान' म्हणायला गेले की 'दान' व्हायचे आणि 'भात' म्हणायला गेले की 'बात' व्हायची. त्यांच्या भाषेत नामाला लिंग नसते. नांगर तो, विळी ती आणि शेत ते, हे का, याचे उत्तर मलाही देता आले नाही. त्यांच्याकडे दहाच्या पुढचे आकडे दहा-एक, दहा-दोन असे सरळ चालतात. आपले एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर आपल्याच पोरांना चकवतात! म्हणून आजोबा माझ्याशी मराठीत बोलत, पण पोती मोजताना चिक, ञी, सुम असे स्वतःच्या भाषेत पुटपुटत. माणूस भाषा बदलतो, पण हिशेब फार उशिरा बदलतो.

आणखी एक. ते 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणत, 'डोळा' न म्हणता 'डोरा' म्हणत. शहरातून आलेल्या माणसाला वाटे, तिबेटी जिभेला जमत नाही. तसे नव्हते. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीतच. तिथला शेतकरी असेच बोलतो. आजोबा चुकत नव्हते. ज्यांच्यात राहिले त्यांचीच मराठी ते चोख बोलत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. एका वर्षी परतीच्या पावसानंतर आजोबांच्या धानावर तुडतुडे आले. ते औषध आणायला बाजारच्या एका दुकानात गेले आणि किडीचे नाव 'तुततुते' असे काहीसे सांगितले. दुकानात चार माणसे होती. एकजण हसला, मग सगळेच हसले. कोणीतरी त्यांची नक्कलही केली. आजोबांनी पुन्हा तोंड उघडले नाही. बोटाने फळीवरची एक बाटली दाखवली, पैसे दिले आणि घरी आले. ती बाटली करप्यावरची, म्हणजे बुरशीची. कीड कशाला मरते? तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात. काही दिवसांतच बांधीत गोल गोल चट्टे पडले, आगीने होरपळल्यासारखे. लोंब्या भरायच्या वेळीच धान बसले. मी पोहोचलो तेव्हा दोन बांध्या हातच्या गेल्या होत्या.

नुकसान कीड करून गेली, पण तिला वाट करून दिली ती त्या हसण्याने. आपल्याकडे म्हणतात, बोलेल त्याची बोरं खपतात. पण बोलणाऱ्याला लोक बोलू देतील तर ना! त्या हंगामात आजोबा गावच्या लोकांशीही मोजकेच बोलले. पुढे शेजारच्या शेताच्या एका शेतकऱ्याने त्यांना बांधावर बसवले, आगपेटीत चार तुडतुडे धरले आणि म्हणाला, "बाबाजी, नाव नाही आलं तरी चालंल. हे दाखवा. अन् विचारायला लाजू नका, मी आहे ना." त्याचे शिक्षण चौथीपर्यंतच होते. पण भाषा शिकवण्याचे त्याच्याइतके ज्ञान मी थोड्यांतच पाहिले.

ही जुनीच गोष्ट आहे. विल्यम केरी हा इंग्रज मिशनरी बंगालमध्ये श्रीरामपूरला राहून मराठी शिकला. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० साली मराठी कोश. १८२० मध्ये याच केरीने कलकत्त्यात शेती व बागायतीची संस्था काढली, म्हणून आम्हा शेतीवाल्यांना त्याचे नाव जवळचे. पण त्याला मराठी शिकवायला कोण होते? आपल्या नागपूरकडचे पंडित वैजनाथ. पुस्तकावर नाव केरीचे आले. त्याचे चुकतमाकत बोलणे ऐकून घेण्याचा धीर मात्र वैजनाथांचा. परका जेव्हा आपली भाषा शिकतो, तेव्हा अर्धी मेहनत ऐकणाऱ्याची असते.

तेव्हा जर्मनीला निघालेल्या मुलामुलींना माझे सांगणे एवढेच. घाबरू नका. जर्मन भाषेतही आपल्यासारखी तीन लिंगे आहेत आणि जोडवाक्यातल्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते; मराठी माणसाला ही वाट अगदीच अनोळखी नाही. वर्गात शिकाच, पण आपल्या कामाचे शब्द आधी धरा. हत्यारांची नावे, औषधांची नावे, धोक्याच्या सूचना, आकडे. समजले नाही तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा. कोणी हसले तर हसू द्या, पण त्या हसण्यापायी चुकीची बाटली घरी आणू नका. आणि तिथे एखादा धीराने ऐकणारा शेजारी जोडा. तो दहा पुस्तकांच्या तोडीचा असतो.

घरी राहणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आपल्याकडे छत्तीसगडहून मजूर येतात. थंडीत नागपुरात तिबेटी बाया स्वेटर विकायला बसतात. कोणाच्या घरी परप्रांतातली सून येते. त्यांच्या तोंडून पहिला वाकडातिकडा मराठी शब्द निघेल, तेव्हा तुम्ही तो कसा ऐकता यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. सुनेने 'तो भाकरी' म्हटले म्हणून घरभर हसे करू नका. तिला नीट शब्द सांगा, आणि तिच्या भाषेतले दोन शब्द तुम्ही शिका. मी आजोबांकडून दोन शिकलो: भेटल्यावर 'ताशी देलेक' आणि निघताना 'थुजेछे', म्हणजे आभार. माझा उच्चारही धड नव्हता. पण आजोबा कधी हसले नाहीत. ते मान हलवून तो शब्द सावकाश पुन्हा म्हणत आणि मी नीट म्हणेपर्यंत थांबत.