कात्रण

खिडकीतला बाबू म्हणाला, "कात्रणं आणा."

नाना म्हणाला, "कसली? शिंप्याकडची?"

बाबू हसला. मागं रांगेत उभे होते तेही हसले. मला हसू आलं नाही. ज्या माणसानं रात्र रात्र गाऊन गावं जागी केली, त्याला कलावंत असल्याचा पुरावा मागत होते.

मित्रांनो, म्हाताऱ्या साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची ही सरकारी योजना १९५४-५५ पासूनची. आधी राष्ट्रीय, राज्य, जिल्हा अशा तीन पायऱ्या होत्या, आणि पायरी बघून पैसे. म्हणजे कलावंतातही वर्णव्यवस्था! २०२४ ला योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि सगळ्यांना सारखे, महिना ५००० रुपये केले. चांगलं केलं. चांगल्याला चांगलं म्हणायला आपली जीभ झडत नाही. पण जिल्ह्यात वर्षाला घेणार १०० जण. आणि आधी कागद दाखवा. पेपरातलं कात्रण, प्रमाणपत्र, फोटो.

आता नाना कागद कुठून आणणार? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडता फोडता तो गायला शिकला. हातोड्याचा ठेका आणि पोटात आग. पुढं पार्टी काढली. एक पेटी, एक ढोलकी, कोरसला दोघं. जयंतीला, लग्नात, कुणाच्या पुण्यानुमोदनाला. बिदागी म्हणजे कधी वीस रुपये, कधी नुसतं जेवण आणि येष्टीचं भाडं. पेपरवाला आमच्या वस्तीत कधी आला? आला तो जाळपोळ झाल्यावर. गाणं ऐकायला आला नाही. ज्यांनी आपली बातमी कधी छापली नाही, त्यांच्याच छापलेल्या कागदावर आपली कला मोजायची! असा हा हिशेब.

मी बाबूला म्हणालो, "सरकारी कागद चालंल का?"

"पळंल."

नाना मधीच बोलला, "मग हाय की! १९७९ ला लाँग मार्चच्या टायमाला धरलं व्हतं आमाला. ठाण्यात जमादारानं इचारलं, धंदा काय? म्या म्हनलं, गानं. त्यानं लिवून घेतलं. हुडका म्हनावं."

बाबूनं मान खाली घातली. नानाला कलावंत म्हणून सरकारनं एकदाच कागदावर घेतलं होतं, ते बेड्या घालताना.

हे काही नानाचंच नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. अण्णाभाऊ साठेंनी त्याच तमाशाला लोकनाट्याचं रूप देऊन गावोगाव नेलं. चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहिलं. १९६९ ला दारिद्र्यातच गेले. टपालाचं तिकीट निघालं २००२ ला. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० ला राष्ट्रपतींचं पदक मिळालं. २००२ ला त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल भरायला लोकांना हात पुढं करावे लागले. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. जिवंतपणी औषधाला पैसा नाही आणि मेल्यावर हार. पदकाची भाजी होते काय?

घरी आल्यावर नाना गप्प. रात्री म्हणाला, "मला न्हाई भरायचा तो अर्ज. हे बलुतंच की रं. बाबासायबांनी येसकराची भाकर सोडाया लावली, आन् म्हातारपणी म्या पुन्यांदा दारात टोपलं घिऊन हुबा ऱ्हाऊ?"

दोन दिवस माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुम्ही तरी काय सांगितलं असतं? वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ ला कौन्सिलात बिल मांडलं, तो इतिहास मी शिबिरात पोरांना सांगतो. आणि इथं माझा चुलता तोच इतिहास माझ्या तोंडावर फेकत होता.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "नाना, बलुत्यात गाव सांगंल ते राबायचं आणि वर भाकर मागायची. इथं तू आधीच राबलास. साबणाच्या वडीपासून चपलेपर्यंत प्रत्येक जिनसावर कर भरलास. तो पैसा तुझा हाय. भीक न्हाई."

"आन् उद्या म्हनले, आमच्या मंत्र्याचं गानं म्हन?"

"तर नाही म्हण."

नाना बराच वेळ ढोलकीच्या कातड्यावर बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, "लिव अर्ज. पर खाली लिव, गानं माझं मी ठरवनार."

अर्जात तसा रकाना नाही. मी तरी लिहिलं.

मग पुरावा हुडकत हिंडलो. बाबासाहेबांच्या फोटोमागं १९८६ च्या जयंतीचं एक हँडबिल सापडलं, अर्धं कसरीनं खाल्लेलं. नानाच्या नावातलं शेवटचं अक्षर गेलेलं. तीन गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. एक म्हातारी म्हणाली, "माझ्या लग्नात गायला व्हता. त्यो पुरावा न्हाई का?" अर्ज गेला. अजून उत्तर नाही.

मित्रांनो, आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो. द्यावीतच. अंगठ्याला आणि आठवणीला पुरावा माना, हेही मागावं. पण येत्या जयंतीला एक काम करा. जो गाईल त्याचं नाव, गाव, साल, कोणती गाणी म्हटली, ढोलकीवर कोण होतं, सगळं वहीत उतरवा. गाणं टेप करा. आपल्याच अंकात छापा. दुसरा छापणार नाही.

परवा नाना पायरीवर बसून गुणगुणत होता. धाप लागते, कडवं पुरं होत नाही. मी वही घेऊन जवळ बसलो.

"काय लिवतूयास?"

"कात्रण," मी म्हणालो.