वीज गेल्यावर काय?

घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेले कोणी असेल, तर छतावर सौर पॅनेल बसविण्यापूर्वी आपण कंपनीला एक प्रश्न अवश्य विचारावा: वीज गेली तर हे यंत्र चालेल का?

आईसाठी मी तो तिघांना विचारला. दोघे हसून म्हणाले, "काका, वीज जाण्याची चिंता आता मिटलीच समजा." तिसरा क्षणभर थांबला. "नाही चालणार. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून, बाहेरची वीज जाताच बॅटरीविना असलेली यंत्रणा भर उन्हातही आपोआप बंद पडते. आजींसाठी बॅटरी लागेल, खर्च वाढेल." काम आम्ही त्यालाच दिले.

पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या विक्रेत्यांत त्याचे नाव होते, हेही पाहिले. 3 किलोवॅटसाठीचे 78,000 रुपयांचे अनुदान थेट आपल्याच खात्यात जमा होते. ते 'मिळवून देण्याचे' पैसे मागणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा. देखभालीची 5 वर्षे करारात लिहून घ्यावीत. पॅनेल पुसायला या वयात शिडी चढणे नको!

परवा रात्री दोन तास वीज नव्हती. भरलेला सिलिंडर उशाशी होताच, पण यंत्राची घरघर थांबली नाही आणि आईला जागही आली नाही.