दुखणे अंगावर काढण्याविषयी

टिळकवाडी, बेळगाव
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चिरंजीव भाच्यास,

पत्रास कारण की, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीचे अखेरचे सात-आठ आठवडे आणि बेळगाव-निपाणी भागातला सर्दी-पडशाचा हंगाम दरवर्षी नेमके एकाच वेळी येतात, आणि चिरंजीवाची 42 किलोमीटरची ही पहिलीच शर्यत असल्यामुळे या दोहोंचा मेळ कसा घालावा हे सविस्तर लिहून ठेवणे घरच्यांना आवश्यक वाटले. तवंदी घाटाचा चढ पळून जाणाऱ्या तरुणाला सर्दीवर पत्र लिहावे लागते याचे कारण असे की, पळणाऱ्या माणसाला दुखणे अंगावर काढण्याची सवय लवकर जडते. ज्या चिकाटीने तो तिसाव्या किलोमीटरपुढे पाय उचलतो, तीच चिकाटी तो तापातही वापरू पाहतो, आणि तिथे ती घातक ठरते.

सर्दी थंडीने होते, हा समज या भागात पक्का आहे. वास्तविक सर्दी ही विषाणूंमुळे होते. असे विषाणू 200 हून अधिक असून त्यांपैकी ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे नाकाच्या आतल्या त्वचेत वाढणाऱ्या विषाणूंचा गट, सर्वांत जास्त आढळतो. इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे 1946 ते 1990 या काळात सर्दीच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र केंद्र चालवले जात होते, आणि तिथे स्वयंसेवकांना गारठ्यात ठेवून केलेल्या प्रयोगांतून नुसत्या थंडीने सर्दी होते असे काही सिद्ध झाले नाही. पुढे 2005 साली कार्डिफ येथे 180 जणांवर झालेल्या एका प्रयोगात मात्र थंड पाण्यात पाय बुडवून बसलेल्या 90 पैकी 13 जणांना पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दीची लक्षणे जाणवली, तर कोरड्या पायांनी बसलेल्या 90 पैकी 5 जणांना. त्याचे संभाव्य स्पष्टीकरण असे दिले जाते की, गारठ्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला बंदोबस्त ढिला पडतो आणि आधीच शिरलेल्या विषाणूला वाव मिळतो. म्हणजे थंडी फार तर साथीदार आहे. मूळ कारण माणसाकडून माणसाकडे येते.

या संदर्भात बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव प्रत्येक सीमाभागीय धावकाला ठाऊक असावे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावरून निवडल्या गेलेल्या आणि सर दोराबजी टाटांच्या पाठबळाने 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेलेल्या मोजक्या खेळाडूंत ते होते, आणि तिथल्या 42.75 किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावा क्रमांक मिळवला. ती शर्यत गार, पावसाळी हवेत झाली, आणि अशी हवा लांब पल्ल्याच्या धावकाला बाधक नसून उलट सोयीची असते, कारण शरीरात निर्माण होणारी उष्णता सहज बाहेर पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरच्या बेळगावची पहाट जशी असते, तशी ती सरावाला उत्तमच आहे. तिला दोष देऊन घरात बसणे जितके चूक, तितकेच सारा दोष तिच्यावर टाकून बाकीच्या कारणांकडे दुर्लक्ष करणेही चूक.

बाकीची कारणे कोणती, याचा विचार अधिक बारकाईने व्हायला हवा. पहिले कारण गर्दी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या यात्रेला गाड्याच्या गाड्या भरून जातात, काचा लावलेल्या वडापाच्या गाडीत दहाजण खांद्याला खांदा लावून बसतात, आणि सैन्यभरतीच्या 1600 मीटरसाठी तयारी करणारी मुले एकेका खोलीत पाच-सहा जण राहून एकाच बाटलीला तोंड लावतात. शिंकेतले थेंब आणि हवेत तरंगणारे त्याहून सूक्ष्म कण हा एक मार्ग, आणि हात हा दुसरा. दाराची कडी, मोबाइल किंवा टॉवेल यांवरून बोटांवर आलेला विषाणू नाक-डोळे चोळताच आत पोहोचतो. साबणाने वीस सेकंद हात धुणे, आपली बाटली आणि टॉवेल वेगळा ठेवणे, आणि शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत शक्य तेवढी गर्दी टाळणे हे उपाय साधे वाटतात, पण महागड्या कोणत्याही पावडरीपेक्षा त्यांचा उपयोग अधिक आहे. फ्लूची लस दरवर्षी घेण्याचा सल्लाही डॉक्टरांना विचारून जरूर अंमलात आणावा. ती साध्या सर्दीपासून वाचवत नाही, पण सर्दीसारखा सुरू होऊन माणसाला आठवडाभर आडवा पाडणारा फ्लू तिने बराच टळतो.

दुसरे कारण झोप, आणि या पत्रात सर्वांत जास्त आग्रह झोपेचाच आहे. अमेरिकेत 153 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब सोडून 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात सर्दी झाली. रात्री साडेअकराला दुकान आवरून झोपणारा आणि पहाटे चारला बूट बांधणारा धावक स्वतःला शिस्तीचा समजतो, परंतु शरीराच्या हिशेबात तो रोज तीन तासांचे कर्ज काढत असतो. आठवड्यातल्या एका लांब पल्ल्याखेरीज बाकीचा सराव संध्याकाळी केला, तर शर्यतीचे काही बिघडत नाही आणि झोप मात्र पदरात पडते.

तिसरे कारण सरावाचा भार. 1982 साली केपटाउनच्या 56 किलोमीटरच्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांत तिथल्या एकतृतीयांश धावकांनी घसा-नाकाच्या तक्रारी सांगितल्या, तर त्यांच्याच घरातल्या न धावणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास होते. 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के आजारी पडले, आणि तशाच तयारीच्या पण त्या दिवशी न धावलेल्यांपैकी फक्त 2.2 टक्के. या आकड्यांवरून असा सिद्धान्त मांडला गेला की, मध्यम व्यायामाने प्रतिकारशक्ती सुधारते आणि अतिश्रमानंतर काही तास ती खालावते. अलीकडच्या अभ्यासकांनी त्यावर रास्त आक्षेपही घेतले आहेत: तक्रारी धावकांनी स्वतः सांगितलेल्या होत्या, प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा पुष्कळदा विषाणू सापडलाच नाही, आणि शर्यतीच्या आगेमागे प्रवास, जागरण, गर्दी व चिंता हेही असतेच. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी व्यवहारात निष्कर्ष एकच निघतो, तो असा की, आठवड्याचे अंतर एकदम न वाढवता थोडे थोडे वाढवावे, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा, आणि 90 मिनिटांहून लांब पल्ला उपाशीपोटी पळू नये. तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट-शर्करा, म्हणजे एक-दोन केळी किंवा गुळाचे खडे व पाणी, पोटात गेली तर ताणाची संप्रेरके कमी चढतात.

विषाणू न सापडलेल्या त्या तक्रारींचा निपाणीकरांनी विशेष विचार करावा. विश्रांतीत मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेणारा माणूस जोरात पळताना 100 लिटरहून अधिक हवा ओढतो, तीही तोंडाने, म्हणजे नाकाने गाळून व ऊबदार करून न घेतलेली. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने धूर वर न जाता खालीच साचून राहतो. त्यात उसाचे पेटवलेले पाचट, महामार्गावरच्या ट्रकांचा धूर आणि तंबाखूच्या वखारींजवळचा खकाणा मिसळला की नाक गळते, घसा खवखवतो आणि ही सर्दीच आहे असे वाटते. अशी लक्षणे फक्त पळाल्यानंतर येत असतील, ठरावीक रस्त्यावरच येत असतील किंवा सोबत छातीत शिट्टीसारखा आवाज होत असेल, तर ती श्वासनलिका आकसण्याची, म्हणजे व्यायामाने उठणाऱ्या दम्याची खूण असू शकते; तिथे काढा नव्हे, डॉक्टरांची तपासणी लागते. ऊन वर येऊन धुरकट थर विरल्यावर पळणे आणि वखारी व महामार्ग सोडून शेतांमधल्या रस्त्याने जाणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. सर्वसाधारण माणसाने रोज क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने सर्दी टळत नाही. परंतु मॅरेथॉन धावक, बर्फावरचे स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा 598 जणांच्या पाच चाचण्या एकत्र पाहिल्या असता त्यांच्यातले सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आलेले दिसले. सर्दी झाल्यावर गोळी सुरू करून मात्र भरवशाचा फायदा होत नाही. आवळा आणि पेरू या दिवसांत आपल्याकडे मुबलक असतात, ते नेमाने खावेत. हुलग्याचे माडगे, आले-गवती चहाचा काढा आणि हळदीचे दूध हे घशाला शेक देणारे व शरीरात पाणी भरणारे चांगले आहार आहेत. ते विषाणू मारत नाहीत एवढे लक्षात ठेवून मजेत प्यावेत. दुधाने कफ वाढतो हे परीक्षणात टिकलेले नाही. रोज साध्या पाण्याने गुळण्या केल्याने सर्दीचे प्रमाण घटते, असे जपानमधील एका चाचणीत आढळले आहे. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलेच वापरावे.

इतके करूनही सर्दी होईलच, कारण प्रौढ माणसाला ती वर्षातून दोन-तीनदा होते. तेव्हा लक्षणे मानेच्या वर आहेत की खाली, हे प्रथम पाहावे. नाक वाहणे, शिंका, थोडी घशाची खवखव एवढेच असेल, तर सलग वाक्य बोलता येईल अशा संथ गतीने नेहमीच्या निम्मे अंतर पळायला हरकत नाही, आणि दहा मिनिटांत अंग जड वाटू लागल्यास घरी परतावे. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब किंवा विश्रांतीतही नाडी वाढलेली असेल, तर बूट बाहेर काढूच नयेत. ताप असताना केलेल्या कष्टाने क्वचित हृदयाच्या स्नायूचा दाह, म्हणजे विषाणूमुळे त्या स्नायूला येणारी सूज, बळावू शकते आणि तरुण, सुदृढ माणसाचाही तीत जीव जाऊ शकतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, आजार उतरत नाही; गोळी घेऊन पळणे म्हणूनच सर्वांत वाईट. आठवडाभराच्या विश्रांतीने अनेक महिन्यांची कमाई जात नाही, दम लक्षात येण्याजोगा घटायला त्याहून बराच अधिक खंड पडावा लागतो. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही म्हणजे चालण्यापासून सुरुवात करावी आणि जितके दिवस आजारात गेले, तितके दिवस सराव हलका ठेवावा. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढू नयेत.

मेडिकलमधून पाच गोळ्यांची पुडी मागून घेण्याची पद्धत सोडावी, कारण प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, सर्दीच्या विषाणूंवर नाहीत, आणि उगाच घेतल्याने खरी गरज पडेल त्या दिवशी ती निकामी ठरतात. नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. वाफ घेताना भाजण्याची भीती असते, त्यामानाने तिचा लाभ अनिश्चित आहे. छातीत दुखणे, बसल्याजागी धाप, चक्कर किंवा तीन दिवसांपुढे टिकणारा ताप असेल तर डॉक्टरांकडे जावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी.

शर्यत अगदी जवळ असताना सर्दीच्या गोळीवरची घटकद्रव्ये वाचल्याशिवाय ती घेऊ नये. स्यूडोएफेड्रिन हे नाक मोकळे करणारे द्रव्य लघवीत मिलिलिटरला 150 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळल्यास स्पर्धेच्या काळात ते निषिद्ध मानले जाते. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या आंद्रिया राडुकान या सोळा वर्षांच्या जिम्नॅस्टला पथकाच्या डॉक्टरांनी दिलेल्या सर्दीच्या गोळीतल्या याच द्रव्यामुळे सुवर्णपदक गमवावे लागले. सध्या घरात असलेल्या गोळ्यांची पाकिटे या पत्रासोबत येणाऱ्या माणसाकडे पाठवून द्यावीत, म्हणजे त्यांवरचा मजकूर इथल्या डॉक्टरांना दाखवून घेता येईल, आणि मुंबईला जाताना कोणती जवळ ठेवावी ते लगेच कळवले जाईल.

कळावे.

मामा