ऐकणारा परका असावा का

चितेगावात बोलायला माणसांची कमी नाही. पैठण रस्त्याच्या दोन्ही अंगांनी टपऱ्या आहेत. शिफ्ट सुटली की कंपन्यांमधली पोरं तिथं गर्दी करतात, बिडकीनकडं जाणारे-येणारे गाडी उभी करून चहा मागवतात. पाऊस, कापसाचा भाव, जमिनीचे दर, कुणाच्या पोराचं लग्न जमेना, सगळ्यावर बोलणं होतं. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान याच रस्त्याला असल्यामुळं हे सगळं कानावर पडतं. एवढ्या बोलण्यात स्वतःच्या जिवाचं काही खरं सांगणारा गडी मात्र मी क्वचितच पाहिला. मीही त्यातलाच.

माझी आजी सांगायची. माणसाला नव्हे, जात्याला. पहाटे दळायला बसली की सासूचं नाव घेऊन, नवऱ्याला नाव न घेता, विठ्ठलाला एकेरीत आणि पैठणच्या नाथांना अदबीनं असं सगळं त्या घरघरीत ओतायची. घरातले निम्मे जागे असत, पण कुणी ऐकल्याचं दाखवत नसे. दिवसभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई त्या तासाभरात काहीही बोलू शकत होती. पुढं गिरणी आली, तिची पाठ वाचली, जातं गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आजी एकटी नव्हती तर.

पण जात्याचं उगाच कौतुक मी करणार नाही. ओवीनं तिचा सासुरवास एका दिवसानं कमी झाला नाही. जीव हलका व्हायचा आणि उजाडलं की तेच घर. मोकळं होणं वेगळं, बरं होणं वेगळं; हा हिशेब पुढं मला फार कामाला आला.

वडील अबोल. चाळिशीनंतर त्यांची झोप उडाली. रात्री अंगणात येरझाऱ्या, जेवणावर वासना नाही. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून ठरवलं आणि एका देवऋषीकडं नेलं. मी सोबत होतो. त्यानं राख-लिंबू काढण्याआधी बराच वेळ नुसतं विचारलं: घरात कोण कोण, वाटणी कधी झाली, बांधाला कोण लागून आहे. आणि आमचे वडील बोलायला लागले. भावकीतला बांध, चुलत्यानं चारचौघांत केलेला अपमान, आजोबांच्या आजारपणात घेतलेलं कर्ज. यातलं एक अक्षर त्यांनी घरात कधी काढलं नव्हतं. त्या रात्री ते गाढ झोपले. नंतर देवऋषीनं निदान सांगितलं: भावकीतल्याच कुणीतरी करणी केली आहे. झालं! झोप परत गेली आणि चुलत्याच्या घराशी असलेलं येणं-जाणंही संपलं. देवऋषीनं ऐकलं चांगलं, पण ऐकलेल्याचं जे केलं ते वाईट.

म्हणून कुणी ‘मन मोकळं करा, बरं वाटेल’ म्हणतं तेव्हा मला पुढचं विचारावंसं वाटतं. कुणाजवळ? आणि तो त्याचं काय करणार?

दुकानात ऐकणारा मी असतो. रात्रीची लाइट, एक फेज गेलेला, मोटार जळालेली. शेतकरी ती आणून टाकतो आणि मी जळकी तार काढेपर्यंत समोर बसतो. हात कामात, नजर खाली, म्हणून की काय, तो बोलतो. सोसायटीचं कर्ज, मुलीचं माहेरी परत येणं. मी त्याचा ना सोयरा ना भावकी, हेच माझं भांडवल. सोयऱ्याला सांगितलं की सल्ला येतो, वर ‘आमचं बघ’ येतं, आणि पुढच्या लग्नात ते चारचौघांत निघतं.

मग माझी पाळी आली. वडील गेले, पोरगं नोकरीला पुण्याला गेलं, आणि कशानं ते सांगता येणार नाही, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडायला लागले. छातीत दडपण. गिऱ्हाइकावर खेकसणं. शटर उचलायचा कंटाळा. बायको म्हणाली, “अहो, एकदा दाखवून तर या कुणाला.”

बंद मोटार आली की मी आधी वाइंडिंग उकलत नाही. सप्लाय बघतो, कपॅसिटर बघतो. तसं आधी शरीर तपासलं. थायरॉइड, बी-12, साखर. यांतल्या बिघाडानंही माणूस गळून जातो, आणि त्यावर गप्पांचा इलाज नसतो. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, आता मनाच्या डॉक्टरला दाखवा.

इथून खरा पेच. पैशाची तंगी असती तर बोलून फेड झाली नसती. माझ्या बाबतीत कर्ज नाही, भांडण नाही, तरी हे आहे. म्हणजे गाठ बाहेरच्या परिस्थितीत कमी आणि माझ्या तिच्याकडं बघण्यात जास्त असावी. अंजली जोशींचं ‘मी अल्बर्ट एलिस’ पोरानं आणून दिलं होतं, ते या दिवसांत वाचलं. न्यूयॉर्कच्या त्या मानसतज्ज्ञानं 1950च्या दशकात उपचाराचा रोख वळवला. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्ट तपासा, असं त्याचं म्हणणं. ‘मुलानं गावातच राहायला पाहिजे होतं’ यातला ‘पाहिजे’ मला तिथं सापडला. पण पुस्तक मिटलं की तो पुन्हा दिसेनासा होई. आपला हट्ट आपल्याला न्यायच वाटतो. तो दाखवायला दुसरं माणूस लागतं.

अशा बोलण्याचा उपयोग होतो का, याला मला गोव्याचं उत्तर पटलं. तिथं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे 500 जणांवर अभ्यास झाला. 2017 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि भर कशावर, तर माणसानं सोडून दिलेली कामं थोडी थोडी परत धरण्यावर. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. मी धंदेवाईक माणूस, दोन्ही बाजूंनी वाचतो. 39 टक्के त्याशिवायही सुधारले. 36 टक्क्यांना ते करूनही पूर्ण उतार नाही. तरी मधला फरक इतका मोठा आहे की जायला हरकत नसावी.

कुणाकडं, याचीही चौकशी केली. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर, तो गोळ्या देतो. शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयात त्याचा विभाग आहे. बोलून उपचार करणाऱ्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजायचं नाही. घरबसल्या बोलायचं तर 14416 हा सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांक 2022 पासून आहे, फुकट, मराठीतही. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर माझ्यासारखं तोलत बसायचं नाही, त्याच क्षणी फोन लावायचा नाहीतर दवाखाना गाठायचा. मराठवाड्यात हे सांगावं लागतं.

मी शहरातली एक समुपदेशक निवडली. फोनवर आधी एवढंच विचारलं, “मी आमच्या बोलीत बोललो तर चालंल का?” ती हसून म्हणाली, तिचं माहेर बीडकडचं. अर्धी धास्ती तिथंच गेली. माझी तिला अटही आहे: चार-पाच बैठकांत झोप आणि शटर यांत काही हललं नाही, तर तोंडावर सांगणार आणि दुसरं कुणी बघणार.

वेळ ठरल्यावर बायको जरा गप्प झाली. मग म्हणाली, “तिथलं बोलणं बाहेर जात नाही ना?” म्हटलं, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय.

“मग सगळं सांगा. फक्त आईंचं आन् माझं ते दिवाळीचं भांडण नका सांगू.”

“तेच पहिल्यांदा सांगणारे,” मी म्हणालो.