वजनाआधी साखर उतरली

टाके सुकायच्या आत डॉक्टरांनी माझं इन्सुलिन बंद केलं. वजनकाट्यावर तेव्हा म्हणण्यासारखा फरक नव्हता. जिना चढताना लागणारी धापही तशीच होती. पण सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं की ग्लुकोमीटरवर जे आकडे येत, ते मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. नर्सने पहिल्यांदा तर दुसरी पट्टी लावून खात्री करून घेतली.

माझी शस्त्रक्रिया गॅस्ट्रिक बायपासची. जठराच्या वरच्या टोकाला अंड्यापेक्षाही लहान पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. सुरुवातीला साखर उतरण्याचं एक कारण साधं आहे. त्या काळात पोटात जातंच किती? घोट घोट पाणी, मुगाचं कढण, ताक. यकृतातली चरबी त्यामुळे भराभर घटते आणि यकृत पुन्हा इन्सुलिनला दाद देऊ लागतं. शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि जेवणानंतर तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. ओझेम्पिकचं इंजेक्शन याच संप्रेरकाची नक्कल करतं. वजन उतरण्याआधी साखर उतरते, हे अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्येच आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून मांडलं होतं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते भुकेचं. पूर्वी भरपेट जेवून उठले तरी तासाभरात खाण्याचे विचार डोकं पोखरू लागत. ते थांबले. ऑफिसात डब्याची वेळ टळली तरी लक्षात येत नसे. ‘तोंडावर ताबा ठेव’ हे ऐकतच मी मोठी झाले. ताबा ठेवणारी मी तीच होते, मनोनिग्रहही तोच. बदलले होते आतड्याकडून मेंदूला जाणारे निरोप. हे उमगलं त्या दिवशी मी रडले.

होळीला सासूबाईंनी आग्रहाने अर्धी पुरणपोळी वाढली. थोड्याच वेळात छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरले की असं होतं. डॉक्टर त्याला डंपिंग म्हणतात. सासूबाई इतक्या घाबरल्या की आता माझ्या ताटात त्या आधी उसळ वाढतात.

वजन उतरलं तशी शरीराची इंधनाची गरजही घटली. पूर्वीपेक्षा कमी खाऊनही वजन एका जागी अडकतं, म्हणून प्रथिनं आणि स्नायूंचा व्यायाम सोडता येत नाही. भूक थोडी परतली आहे. मधुमेह जुना असेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर तो पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता जास्त. माझी मेटफॉर्मिनची छोटी गोळी पुन्हा सुरू झाली आहे.

ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी बरं वाटतंय म्हणून बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद करू नयेत, वर्षाच्या तपासण्याही टाळू नयेत. आणि घरात कुणी जाड असेल, तर त्याच्या ताटाकडे बघत बोलणं कृपा करून थांबवा.